जलदुर्गांना नवे वाडे नकोत, जुना चुना हवा

जुलै 2025 मध्ये पॅरिसला युनेस्कोची बैठक झाली आणि मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. अकरा महाराष्ट्रातले, बारावा तामिळनाडूतला जिंजी. त्यातले चार समुद्रावरचे: खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग. पेढे वाटून झाले, फ्लेक्स लागले आणि नेहमीचा वाद पुन्हा पेटला. एक बाजू म्हणते, आता तरी किल्ले होते तसे उभे करा. वाडे बांधा, सदर बांधा, महाल बांधा, लोकांना वैभव दिसू द्या. दुसरी बाजू म्हणते, हात लावाल तर खबरदार. पडक्या वास्तूचं एक सौंदर्य असतं, ते तुमच्या सिमेंटनं घालवू नका. पहिल्यांना दुसरे इंग्रजाळलेले रसिक वाटतात, दुसऱ्यांना पहिले ठेकेदारांचे दलाल. वाद तावातावानं होतो आणि दोन्हीकडची माणसं समाधानानं झोपी जातात, कारण उद्या सकाळी उठून यातल्या कोणालाच काही करायचं नसतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पडलेल्या जलदुर्गांवर नवे वाडे, नव्या सदरा, नवे महाल बांधू नयेत. एकही नाही. पण 'पडकं तेच सुंदर' हेही मला कबूल नाही. आज जे उभं आहे ते उभं राहावं म्हणून दरवर्षी न चुकता करायचं एक काम आहे. ते कंटाळवाणं आहे, फोटोत येत नाही, त्याचं उद्घाटन करता येत नाही. तेच होत नाही. किल्ला पुन्हा बांधायचा की नाही ही चर्चा म्हणजे त्या कामातून अंग काढून घेण्याची सोय झाली आहे, दोन्ही बाजूंना.

बांधा म्हणणाऱ्यांचा सर्वांत वजनदार मुद्दा आधी घेऊ, कारण तो खरंच वजनदार आहे. ते म्हणतात, हे किल्ले काही म्हातारपणानं पडले नाहीत, ते पाडले गेले. 1818 नंतर इंग्रजांनी ठरवून गडांच्या पायऱ्या फोडल्या, दरवाजे काढले, वाटा मोडल्या, पुन्हा कोणी आत बसून लढू नये म्हणून. म्हणजे ज्याला तुम्ही 'अवशेषांचं सौंदर्य' म्हणता ती जेत्यानं केलेली मोडतोड आहे. ती जपायची कशासाठी? शिवाय अवशेष पाहून हळवं होण्याची हौस आपली नाहीच. अठराव्या शतकातले इंग्रज जमीनदार आपल्या बागांमध्ये मुद्दाम खोटे पडके मनोरे बांधून घेत आणि त्यांच्याभोवती फिरत. आपल्याकडे पडलेलं देऊळ दिसलं की जीर्णोद्धार करायचा, हीच रीत. अहिल्याबाईंनी देशभर हेच केलं. 1951 मध्ये समुद्रकाठच्या सोमनाथला हेच झालं. मग किल्ल्यांनीच काय पाप केलं?

यातलं बरंच मला मान्य आहे. अवशेषप्रेमाची फॅशन बाहेरची आहे हे मान्य. इंग्रजांनी गड निकामी केले हेही इतिहासाला धरून आहे. पण जलदुर्गांच्या बाबतीत हा हिशेब तितका सरळ नाही. विजयदुर्गाचंच पाहा. वाघोटण खाडीच्या मुखावरचा हा किल्ला शिलाहार भोजाच्या काळापासूनचा मानतात. पुढे तो आदिलशाहीत होता, सतराव्या शतकाच्या मध्यात शिवाजी महाराजांकडे आला, मग आंग्र्यांचं ठाणं झाला. इंग्रजांनी तो 1720 च्या आसपास घ्यायचा प्रयत्न केला, डचांनी 1724 मध्ये केला, दोघेही हात हलवत परतले. फेब्रुवारी 1756 मध्ये इंग्रज सेनानी वॉटसनच्या आरमारानं आणि क्लाइव्हच्या फौजेनं तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. त्या दिवशी खाडीत मराठी आरमार जळालं. आणि हे पेशव्यांच्या संमतीनं, त्यांच्याशी करार करून झालं, हेही तितक्याच मोठ्यानं सांगायला हवं. पण किल्ला त्या दिवशी संपला नाही. बाणकोट किल्ल्याच्या बदल्यात तो पेशव्यांकडे आला आणि पुढची साठेक वर्षं पेशव्यांचे आरमारप्रमुख धुळप यांच्या आरमाराचं मुख्य ठाणं राहिला. 1783 मध्ये आनंदराव धुळपांनी इंग्रजांचं 'रेंजर' जहाज पकडलं ते याच आरमाराच्या जोरावर. म्हणजे 1756 च्या तोफांनी जे फोडलं ते डागडुजी करून पुन्हा वापरात आलं होतं. मग आज विजयदुर्ग पडका का दिसतो? 1818 नंतर तिथल्या लोकांचा पगार थांबला म्हणून. हवालदार गेला, सबनीस गेला, कारखानीस गेला, खलाशी आणि गोलंदाज गेले, गवंडी आणि सुतार पांगले. तटाच्या सांध्यात उगवलेलं रोप उपटायला कोणी उरलं नाही. पुढचं काम पावसानं, खाऱ्या वाऱ्यानं आणि उंबर-पिंपळानं केलं.

हे कारण नीट लक्षात घेतलं तर बांधकामवाल्यांचा युक्तिवाद त्यांच्याच अंगावर उलटतो. माणसं नाहीत म्हणून जी वास्तू पडली, तिथे माणसं न ठेवता नवी वास्तू बांधली तर ती किती पावसाळे टिकेल? मालवणात राजकोट किल्ल्यावर डिसेंबर 2023 मध्ये उभारलेला शिवरायांचा पुतळा ऑगस्ट 2024 मध्ये कोसळला, नऊ महिनेही झाले नव्हते. ते पाहून अनेकांनी लिहिलं की समोर सिंधुदुर्गाचा तट साडेतीनशे वर्षं उभा आहे आणि आपल्याला एक पुतळा उभा ठेवता येत नाही. हा टोला झकास आहे, पण युक्तिवाद म्हणून मी तो वापरणार नाही. एका वाईट कामावरून सगळी कामं वाईट होतील असं सिद्ध होत नाही, आणि तिथे नंतर आणखी उंच पुतळा उभाही राहिला. त्यातून निघतं ते एवढंच की समुद्रकाठी कार्यक्रमाची तारीख आधी ठरवून काम त्या तारखेला धरून रेटलं तर समुद्र तारीख विचारत नाही.

जीर्णोद्धाराच्या रीतीबद्दल. देवळाचा जीर्णोद्धार होतो कारण तिथे पूजा चालू ठेवायची असते. दगड बदलला तरी देव तोच. सिंधुदुर्गावर शिवराजेश्वराचं मंदिर आहे, विजयदुर्गावर भवानीचं आहे, खांदेरीवर कोळ्यांचा वेताळ आहे. ही देवळं गळत असतील तर जरूर शाकारा, गाभारे नीट करा, त्याला माझा काडीचाही विरोध नाही. तिथे आजही नारळ फुटतो, म्हणून ती जिवंत आहेत. पण राणीच्या महालात आता राणी राहायला येणार नाही. खलबतखान्यात खलबतं होणार नाहीत. त्या जागेचं आजचं काम एकच: तिथे काय होतं, कोणी बांधलं, कसं बांधलं, याची साक्ष देणं. देवळाची मूर्ती बदलता येते, साक्षीदार बदलता येत नाही. नवा साक्षीदार उभा केला तर त्याला कोर्टात काय म्हणतात ते सगळ्यांना माहीत आहे.

आता परदेशांचे दाखले. पोलंडमधलं वॉर्सा नाझींनी ठरवून जमीनदोस्त केलं, पोलिश लोकांनी जुनं शहर जसंच्या तसं पुन्हा बांधलं आणि 1980 मध्ये युनेस्कोनंच त्याला जागतिक वारसा म्हटलं. मग आम्हाला नियम वेगळा का? प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की पोलिश लोकांकडे कागद होते. युद्धाआधी वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी घराघराची मापं घेऊन काढलेली रेखाटनं होती आणि ती जिवावर उदार होऊन लपवून ठेवलेली होती. अठराव्या शतकातल्या बेलोत्तो या चित्रकारानं रस्त्यारस्त्याची चित्रं काढून ठेवली होती. आणि बांधणारे तेच लोक होते ज्यांनी ते शहर पाच-सात वर्षांपूर्वी उभं पाहिलं होतं. आपल्याकडे सिंधुदुर्गावरच्या वाड्याचं असं एक तरी मापाचं रेखाटन आहे का, की ज्यावरून खांबांची उंची, तुळयांचं लाकूड, छपराचा उतार सांगता येईल? विजयदुर्गाची 1756 च्या स्वारीतली इंग्रजी चित्रं आणि नकाशे आहेत, पण ते बहुतेक जहाजावरून दिसलेल्या तटाचे. आतलं चौथऱ्यावर दिसतं तेवढंच. चौथऱ्यावरून खोल्या किती ते कळतं, वाडा कसा होता ते कळत नाही. उरलेलं आपण भरणार कुठून? टीव्हीवरच्या मालिकांच्या सेटवरून. हे मी चेष्टेनं म्हणत नाही. 'मराठा वाडा' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जे येतं ते पुण्याच्या उत्तर पेशवाईतलं आणि त्यावर चित्रपटातल्या कलादिग्दर्शकानं चढवलेलं. शंभर वर्षं आधीच्या, खाऱ्या वाऱ्यातल्या, लढाईसाठी बांधलेल्या बेटावर ते ठेवायचं आणि पोरांना सांगायचं की महाराज इथे राहत होते?

जुन्या वास्तूंच्या जतनाबद्दलच्या 1964 च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेत एक साधा नियम आहे: जिथे अंदाज सुरू होतो तिथे दुरुस्ती थांबते. नियम परदेशी आहे म्हणून नाकारायचा असेल तर नाकारा, पण मग यादीतलं नावही परदेशीच आहे. जॉर्जियातल्या कुताइसी शहरात बागराती नावाचं मध्ययुगीन कॅथेड्रल आहे. 1692 मध्ये तुर्कांनी सुरुंग लावून ते उडवलं, तेव्हापासून ते विनाछपराचं उभं होतं आणि त्याच रूपात 1994 मध्ये जागतिक यादीत गेलं. सरकारला वाटलं, राष्ट्राची शान अशी उघडी का राहावी? छप्पर चढवलं, भिंती पुऱ्या केल्या, 2012 मध्ये थाटात काम संपलं. युनेस्को आधीपासून नको नको म्हणत होती. शेवटी 2017 मध्ये तिनं बागरातीला यादीतून काढलं. कुताइसीच्या लोकांना मात्र तिथे पुन्हा प्रार्थना करता येते, आणि कदाचित त्यांना हा सौदा परवडलाही असेल. आपला सौदा काय? महालात प्रार्थनाही नाही.

जपानचं उदाहरण याहून मजेदार आहे, कारण तिथे दोन्ही टोकं एकाच देशात दिसतात. नागोया किल्ल्याचा मुख्य मनोरा 1945 च्या बॉम्बहल्ल्यात जळाला, 1959 मध्ये काँक्रीटचा बांधला, आत लिफ्ट बसवली. 2018 पासून तो भूकंपात धोक्याचा म्हणून आत जायला बंद आहे आणि आता तो पाडून जुन्या मापांवरून लाकडाचा करायचा की नाही यावर वर्षानुवर्षं भांडण चालू आहे. म्हणजे जुना गेला तो गेलाच, नवाही साठ वर्षांत जुना झाला. ओकिनावातल्या शुरी किल्ल्याचं तर पाहाच. तोही 1945 मध्ये गेला, 1992 मध्ये पुन्हा बांधला. युनेस्कोनं 2000 साली यादीत घेतले ते खालचे अवशेष, जुना चौथरा. वरचा लाल महाल नाही. 2019 मध्ये वरचा महाल जळून खाक झाला. ओकिनावाचे लोक रडले, ते साहजिक होतं. पण यादीतलं नाव शाबूत राहिलं, कारण जे नाव मिळवून देणारं होतं ते खाली दगडात होतं.

कोणत्या काळातला किल्ला बांधायचा, हा प्रश्न तर कोणी विचारतच नाही. खांदेरीवर 1867 चं दीपगृह आहे आणि ते आजही जहाजांना उपयोगी पडतं. शिवकालीन खांदेरी हवी म्हणून ते पाडणार? वसईचा किल्ला घ्या. 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि दोनशे वर्षं त्यांच्या उत्तर प्रांताची ती राजधानी होती. 1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी ती घेतली, तटाखाली सुरुंग लावून, हजारो माणसं गमावून. तिथे उभ्या आहेत त्या चर्चच्या भिंती, कमानी, फरशीतले पोर्तुगीज थडग्यांचे दगड. वसईची एक घंटा नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात गेली. आता या किल्ल्याचं 'गतवैभव' परत आणायचं तर कोणाचं? पोर्तुगीज चर्च बांधायचं, की मराठ्यांनी 'बाजीपूर' म्हटलेलं ठाणं? वसईच्या ख्रिस्ती माणसाला त्या भिंतींमध्ये वसईचाच संत गोन्सालो गार्सिया आठवतो, मराठा इतिहासाच्या अभ्यासकाला सुरुंगाची जागा शोधायची असते. आज दोघंही एकाच भिंतीपाशी उभे राहू शकतात, कारण ती भिंत अर्धी आहे. ती पुरी करायला घ्या, की पहिल्याच दगडाला भांडण. जंजिऱ्याचंही तेच. दरवाजावर हत्तींना पंजात धरलेलं शरभाचं, म्हणजे सिंहासारख्या काल्पनिक प्राण्याचं शिल्प आहे, आत सिद्दीचा पडलेला वाडा. महाराजांना आणि संभाजीराजांना जो मिळाला नाही असा हा किल्ला. तो बांधायला कोणी निधी मागितल्याचं मी ऐकलेलं नाही. म्हणजे 'वारसा' म्हणजे आपला विजय, एवढाच अर्थ धरलेला असतो.

आता जो मुद्दा मला खरोखर छळतो त्याकडे येतो. बांधा म्हणणारे सांगतात, तुम्ही अभ्यासक आहात, तुम्हाला चौथऱ्यात वाडा दिसतो. सातवीतल्या पोराला दगड दिसतात. सहलीची बस येते, पोरं तटावरून ओरडत पळतात, वेफर्सची पाकिटं टाकतात आणि 'काही नाहीये इथे' म्हणून परत जातात. हे शंभर टक्के खरं आहे. जलदुर्गावर जाणारा सामान्य माणूस होडीचे पैसे देतो, उन्हात तापतो, दोन फोटो काढतो आणि रिकाम्या हातानं परततो. तो अडाणी आहे म्हणून नव्हे; त्याला कोणी काही दाखवलंच नाही म्हणून. पण यावरचा इलाज महाल बांधणं हा नाही. किनाऱ्यावर, जेटीपाशी, संरक्षित हद्दीच्या बाहेर एक चांगली प्रतिकृती ठेवा, त्यात अंदाजाचा भाग वेगळ्या रंगात दाखवा. ओहोटीची वेळ फळ्यावर लिहा, कारण तटाचा पाया आणि त्याखालचा खडक ओहोटीलाच नीट दिसतो. विजयदुर्गाच्या समोर पाण्याखाली जी दगडी भिंत सापडली आहे आणि जिच्यावर गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं काम केलं आहे, ती चित्रात दाखवा आणि ती कशासाठी असावी यावर मतभेद आहेत हेही लिहा. गावातल्या दोन पोरांना नीट शिकवून वाटाडे करा आणि त्यांना पगार द्या. चुकीचं बांधलेलं पाडावं लागतं, चुकीची पाटी पुसता येते.

आणि पाट्यांवरून आठवलं. विजयदुर्गावर 'साहेबाचे ओटे' म्हणून चौथरे आहेत. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास ग्रहणात नॉर्मन लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञानं इथून सूर्य पाहिला आणि हेलियमचा शोध लागला, अशी कथा तिथे मोठ्या अभिमानानं सांगतात. दरवर्षी त्या तारखेला कार्यक्रमही होतो. प्रत्यक्षात त्या दिवशी लॉकियर भारतात नव्हताच. ग्रहण पाहायला भारतात आला होता तो फ्रान्सचा शास्त्रज्ञ जान्सेन, आणि तोही आंध्रातल्या गुंटूरला. लॉकियरनं ऑक्टोबरमध्ये इंग्लंडात बसून, ग्रहणाशिवाय, सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. विजयदुर्गावरून कोणी ग्रहण पाहिलंच नसेल असं मी म्हणत नाही. पण कथा जशी सांगतात तशी ती खोटी आहे. बरं, किल्ल्याला या कथेची गरज तरी काय? तिहेरी तटबंदी, डच-इंग्रजांना परतवलेली खाडी, शेजारी गिर्ये इथे खडकात खोदलेली आरमाराची गोदी, एवढं असताना साहेबाचं उसनं हेलियम कशाला? एक पाटी आपण खरी ठेवू शकत नाही आणि वाडा मात्र अगदी खराखुरा बांधू, यावर मी कसा विश्वास ठेवू?

रोजगाराचा मुद्दाही घाईनं उडवून लावण्यासारखा नाही. मालवणचा होडीवाला, देवगडची खानावळ, विजयदुर्गातला घरगुती मुक्काम, यांचं पोट पर्यटकावर आहे. ते म्हणतात, काहीतरी भव्य झालं तर माणसं येतील. पण सिंधुदुर्गावर आज माणसं कशासाठी येतात? कुरटे बेटाला वेढणाऱ्या तटासाठी, महाराजांच्या हाता-पायांच्या ठशांसाठी, दूधबाव-साखरबावच्या गोड्या पाण्यासाठी, आणि होडीतून जाण्याच्या मजेसाठी. सगळं जुनंच. तिथे कमी पडतात ती स्वच्छतागृहं, सावली आणि म्हाताऱ्या माणसाला सुरक्षित चढता येईल अशी जेटी. महालाचं बांधकाम म्हणजे एक निविदा, बाहेरचा ठेकेदार, दोन वर्षं काम आणि नंतर गावाला काहीच नाही. तट राखण्याचं काम संपत नाही; ते दर पावसाळ्यानंतर पुन्हा येतं. गावातल्या गवंड्याला आणि त्याच्या मुलाला त्यातून आयुष्यभर काम मिळू शकतं.

ते काम काय आहे हे एकदा डोळ्यांनी पाहायला हवं. मुरूडसमोर कासा खडकावर पद्मदुर्ग आहे. होडी लागते तिथून तटाजवळ जा आणि हातभर अंतरावरून भिंत बघा. समुद्रानं दगड खाऊन आत नेलेत, चांगले बोट-दोन बोटं खोल, आणि दगडांच्या मधला चुना मात्र धारेसारखा बाहेर उभा आहे. रिकामं झालेलं मधाचं पोळं असावं तशी भिंत दिसते. जो दगड शेकडो वर्षं टिकावा तो झिजला आणि त्याला धरून ठेवणारा चुना राहिला. शिंपल्यांचा चुना कसा भाजला, किती दिवस भिजवला, चुना मळायच्या घाणीत किती मळला, त्यात गूळ, हिरडा, बेलफळ काय काय घातलं, याचं उत्तर त्या भिंतीतच आहे आणि ते अजून कोणी पूर्ण वाचलेलं नाही. 'होता तसा' करायच्या नावाखाली त्यावर नवा घडीव दगड लावला की हा पुरावा कायमचा बुजला. आणि सिमेंटनं सांधे भरले तर त्याहून वाईट. जांभा सच्छिद्र, तो पाणी पितो आणि सोडतो. सिमेंट ते सोडू देत नाही. आत अडकलेल्या खारट पाण्याचं मीठ दगडाच्या आत फुलतं आणि दगडाचा चेहरा पोपडा निघावा तसा गळून पडतो. दुरुस्ती करून दगड मारायचा हा हुकमी उपाय आहे.

उंबराचंही तसंच. बुरुजात उगवलेला उंबर कोयत्यानं छाटला की श्रमदान झालं, फोटो निघाला. पुढच्या पावसात तो दुप्पट फांद्या घेऊन येतो, कारण मूळ आत दगड सारत बसलेलं असतं. तो मुळासकट मारावा लागतो, खुंट मेल्याची खात्री करून मग सांधे उकलून मुळं काढावी लागतात, दगडांना नंबर घालून ते चुन्यात परत बसवावे लागतात. एका बुरुजाला काही महिने जातात. विजयदुर्गाच्या तटाचा एक भाग 2020 च्या पावसाळ्यात ढासळला, तेव्हा पुष्कळ हळहळ झाली. तट एका रात्रीत ढासळत नाही. पाणी मुरायचा रस्ता वर्षानुवर्षं उघडा असतो.

आपल्या पूर्वजांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्र या राज्यकारभारावरच्या ग्रंथात किल्ल्यांबद्दल जे लिहिलं त्यातलं 'संपूर्ण राज्याचे सार ते दुर्ग' हे वाक्य आपण भाषणात घेतो. त्याच प्रकरणात तटाला वाढणारा झाडोरा वरचेवर कापावा, गवत जाळून गड न्हाणावा, असंही आहे. ते कोणी घेत नाही. पद्मदुर्ग उभा राहत असताना मामले प्रभावळीच्या जिवाजी विनायक सुभेदारानं तिकडे पैसा आणि सामान वेळेवर पाठवलं नाही, तेव्हा महाराजांनी त्याला लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. त्यातला संताप कोणत्या महालासाठी नाही. रसद पोचली नाही, आरमार तिथे अडलं, गनिमाशी संधान आहे की काय अशी शंका यावी इतकी दिरंगाई झाली, त्यासाठी आहे. वेळेवर सामान पोचणं हाच किल्ल्याचा कारभार होता. तो आज कोणाच्या गळ्यात आहे?

'हात लावू नका' म्हणणाऱ्यांनी इथे खूश होऊ नये. कायद्यानं संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद असतं, आणि तो नियम दाखवून प्रत्येक सूचना अडवणं हा त्यांचा आवडता धंदा आहे. पण नियमानं बांधकाम अडतं, उंबर अडत नाही. काही न करणं म्हणजे जतन नव्हे. तो पाडण्याचाच सावकाश प्रकार आहे, फक्त त्यात कोणाचं नाव येत नाही. पद्मदुर्ग, जंजिरा आणि वसई तर त्या बारा नावांत नाहीतच. त्यांच्याकडे परदेशी पाहुणे तपासणीला येणार नाहीत. यादीतल्या चारही जलदुर्गांवर उद्या झाडून पैसे आले तरी यांच्या वाट्याला काय, हे कोणत्याच बाजूनं मांडलेलं नाही. गिर्येची गोदी तर घोषणेतही नसते, कारण तिथे उभं राहून फोटो काढावा असं काही नाही. खडकात कोरलेला एक मोठा खड्डा आणि त्यात भरतीचा चिखल. आंग्र्यांची जहाजं जिथे दुरुस्तीला यायची ती जागा, आणि आपण राणीच्या महालाला छप्पर कोणत्या कौलांचं घालायचं यावर भांडतो आहोत.

म्हणून पुढच्या वेळी कोणी मंत्री जलदुर्गावर येऊन कोटींचा आकडा सांगतील, तेव्हा टाळ्यांआधी एवढं विचारलं पाहिजे: यातून दरवर्षी पगार किती गवंड्यांना मिळणार, तो कोणत्या खात्यातून, चुन्याची घाणी कुठे बसणार, आणि उत्तरेकडच्या बुरुजावरचा उंबर कोणत्या महिन्यात निघणार.